एक वर, एक खाली, बंदूक एकच

चि. सोन्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

थोड्या मुक्कामासाठी परदेशी गेलेल्या, दम धरून भाल्याने मासे मारणाऱ्या पाणबुड्याला घाई फार असते. हातात सहा-आठ महिने, सुट्ट्या मोजक्या. सोबतीला कोणी मिळालं नाही की तो एकटाच उतरतो. सिडनीत तुझ्याकडून हे होता कामा नये. जोडीदार मिळेपर्यंत खडकांवर फिर, लाटांचा अंदाज घे, वर वर पोह. बुडी नको.

वीस मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, दहा मीटरवर दुप्पट. या दाबामुळे खाली थोडका प्राणवायूही मेंदूला पुरतो आणि माणसाला वाटतं, अजून दम आहे. वर येताना शेवटच्या दहा मीटरांत दाब निम्मा होतो, त्याबरोबर प्राणवायूचा दाबही घसरतो आणि शुद्ध जाते. कधी कधी तर डोकं बाहेर काढून श्वास घेतल्यावरसुद्धा. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणाऱ्याला हा धोका जास्त, कारण श्वास घ्यायची आठवण करून देणारा कार्बन डायऑक्साइड त्याने आधीच घालवलेला असतो.

म्हणून जोडीदाराचं खरं काम तू वर आल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात असतं. त्याने तुझ्या ओठांचा रंग पाहायचा, नजर पाहायची. शुद्ध गेलीच तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, गालावर थोपटायचं, डोळ्यांभोवती फुंकर मारायची, नावाने हाक मारायची. एवढ्यावर बहुतेक जण काही सेकंदांत श्वास घेतात. एकट्यासाठी हे करणारं कोणी नसतं.

नुसती माणसं जवळ असणंही पुरत नाही. रशियाच्या नतालिया मोल्चानोव्हाने 2011 मध्ये एका दमात 101 मीटर गाठले होते, 2013 मध्ये 9 मिनिटं 2 सेकंद दम धरला होता. 2 ऑगस्ट 2015 रोजी स्पेनमधल्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ ती तिच्या मानाने साधी, तीस-चाळीस मीटरची बुडी मारायला गेली आणि परत आली नाही. सोबत माणसं होती, तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. तेव्हा तुमच्यात ज्याचा दम कमी, त्याच्या आवाक्यातली खोली ही दोघांची खोली.

तुझ्या तोडीचे जोडीदार शोधायचे कुठे? सुरुवात समुद्राऐवजी पोहण्याच्या तलावावर कर. पाण्याखालच्या हॉकीची चौकशी कर. हा खेळ 1954 मध्ये इंग्लंडमधल्या साउथसीत ॲलन ब्लेकने काढला, तो क्लबच्या पाणबुड्यांनी थंडीच्या दिवसांतही पाणी सोडू नये म्हणून. दम धरणारी मंडळी तिथे दर आठवड्याला भेटतात आणि नवख्याला सामावून घेतात. दुसरा मार्ग फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे एका दमातल्या बुडीच्या, कोर्सचा. आयडा या फ्रीडायव्हिंग संस्थेचा दुसऱ्या टप्प्याचा कोर्स केलास, तर बेशुद्ध माणसाला वर कसं आणायचं ते शिकशील, आणि वर्गातले जोडीदार तुझ्याइतकेच नवे असतील. मासेमारीसाठी सिडनीत 1948 पासूनची यूएसएफए ही भालामाऱ्यांची संघटना आहे. त्यांच्या स्पर्धा आणि क्लब चालतात, तिथे जाऊन तोंडओळख कर.

ओळख झाली म्हणजे जोडी जमली, असं नाही. पहिली भेट पाच-सात मीटर पाण्यात आणि भाल्याच्या बंदुकीशिवाय. सिडनीतल्या मॅनलीजवळचा कॅबेज ट्री बे यासाठी उत्तम. तिथे मासेमारीला पूर्ण बंदी असल्याने मन शिकारीकडे ओढ घेत नाही. तू वर आलास तेव्हा जोडीदार कुठे पाहत होता, एवढंच बघ. दोन बुड्यांत खाली होतो त्याच्या किमान दुप्पट वेळ वर काढतो का, हेही बघ. आपण किती खोल गेलो हे सांगत सुटणाऱ्यापेक्षा कालची बुडी का सोडून दिली ते सांगणारा माणूस मामाला जास्त भरवशाचा वाटतो.

शिकारीला जाल तेव्हा दोघांत बंदूक एकच न्या. दोन बंदुका असल्या की दोघंही आपापल्या माशामागे जातात आणि गढूळ पाण्यात वीस मीटरांवर एकमेकांना हरवतात. एकच असली की खालचा शिकार करतो, वरचा राखण करतो, मग बंदूक हात बदलते. मासे निम्मे मिळतील. चालेल.

स्थानिक जोडीदार कायदाही सांभाळून घेतो. न्यू साउथ वेल्स या तिथल्या राज्यात भाल्याने मासे मारायलाही मासेमारीची फी भरावी लागते आणि पाठीवर हवेची टाकी असताना भाला चालत नाही. किंगफिश 65 सेंटिमीटरहून लहान असेल तर सोडायचा. ब्लू ग्रोपर हा मासा माणसाला न घाबरता अगदी मास्कजवळ येतो. त्याला भाला मारायला 1969 पासून बंदी आहे.

मास्क आणि फिन्स इथून ने. वेटसूट मात्र तिथेच घे, पाच मिलिमीटरचा. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथलं पाणी सतरा-अठरा अंशांवर असतं, आपल्या मालवणासारखं नाही. त्याचे आणि कोर्सचे पैसे मामा देईल. पहिली बुडी कोणाबरोबर ठरली ते आधी फोन करून सांग.

तुझा मामा