जुन्या स्नोबोर्डवर कार्व्हिंग
जुना बोर्ड मोडीत काढण्याआधी फरशीवर ठेवून पाहा. मधली कमान शाबूत असेल आणि कडांना धार लावता येत असेल, तर शिकायला तो पुरेसा आहे. कमानीमुळे आपलं वजन दोन्ही टोकांपर्यंत पोचतं.

बोर्डाची बाजू म्हणजे वर्तुळाचा कंस. बोर्ड कलवून कड बर्फात रोवली, की तो न घसरता वळतो. कंसाची त्रिज्या ८ मीटर असेल, तर ताशी १८ किमी वेगाला सुमारे १९ अंश कल लागतो. २७ किमीला ४६ अंश! वेग दीडपट, कल दुपटीहून जास्त. म्हणून सुरुवात सौम्य उतारावर, हळू करा.

मग थांबून मागे पाहा. बर्फावर बारीक रेघ उमटली असेल तर जमलं. रुंद फराटा दिसला तर बोर्ड अजून घसरतोय.