‘सी’समोरची रेघ

पावसाळ्यात कुणाला ताप चढला की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, ‘एनएस वन केली का?’ एनएस वन हे डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ते रक्तात सापडतं. ते पकडणाऱ्या पट्टीत अँटिबॉडीज बसवलेल्या असतात. प्रथिन सापडलं तर ‘टी’समोर रेघ उमटते आणि घरात धावपळ सुरू होते. ‘सी’समोरच्या रेघेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. प्रथिन असो वा नसो, ही रेघ उमटलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टीच बिघडलेली, निकाल कचऱ्यात. बारावीच्या मुलांचे आईबाबा भेटायला येतात तेव्हा मी याच रेघेपासून सुरुवात करते.

कारण ज्या क्षेत्राची चौकशी करायला ते येतात, त्या विषाणू-संशोधनातलं बरंचसं काम तिच्यातच आहे. समजा, करोनाच्या विषाणूचं न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन पेशींमध्ये तयार होतंय का, हे बघायचंय. पेशी फोडायच्या, त्यातली प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करायची, पातळ पडद्यावर उतरवायची आणि त्यावर अँटिबॉडी सोडायची. ती जिथे चिकटेल तिथे पट्टा दिसतो. याला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. पट्टा दिसला की नवखा विद्यार्थी उड्या मारतो. मार्गदर्शक विचारतात, ‘संसर्ग न झालेल्या पेशींचा रकाना कुठाय?’ तिथेही तोच पट्टा असेल, तर अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटली आहे आणि आठवडाभराची मेहनत वाया.

ही नवशिक्यांचीच अडचण आहे असं नाही. बाजारातल्या अनेक अँटिबॉडीज लेबलवर लिहिलेलं काम करत नाहीत, म्हणून २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एकत्र आवाज उठवला होता. उलट कधी भलत्याला चिकटण्याची ही खोड उपयोगीही पडते: २००३ च्या सार्ससाठी बनवलेल्या काही अँटिबॉडीज २०२० च्या नव्या विषाणूलाही ओळखत होत्या.

एका आईने मला विचारलं होतं, ‘आमच्या घरी मुंगी मारत नाहीत, आणि आमची मुलगी उंदरांवर काम करणार?’ प्रश्न रास्त आहे. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगाची न थकणारी पेशी यांचा संकर केला. एकाच जातीची अँटिबॉडी अखंड मिळू लागली. (त्यांनी पेटंट घेतलं नाही, १९८४ चं नोबेल मात्र मिळालं.) उंदीर आजही वापरले जातात, पण नैतिक समितीच्या परवानगीशिवाय नाही. शिवाय अँटिबॉडीचं जनुक हाती असेल तर ती जीवाणूत किंवा पेशींत बनवता येते, आणि आता कल तिकडे आहे. ज्यांना प्राण्यांना हात लावायचाच नाही, त्यांनाही या शाखेत जागा आहे.

आता रस्ता. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले म्हणून इकडे वळलेली मुलं बरीच भेटतात, त्यात लाज नाही, पण ‘तात्पुरतं बीएस्सी करू’ या वृत्तीने इथे टिकता येत नाही. मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत पदवी, किंवा पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेतला पाच वर्षांचा बीएस-एमएस, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. एमएस्सीसाठी ‘जॅम’ आणि ‘गॅट-बी’ या परीक्षांची नावं आत्ताच लिहून ठेवा. पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे, १९५२ पासून; राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रही तिथेच. मुंबईत हाफकिन. विषाणूवर काम करायला महाराष्ट्राबाहेर जावंच लागतं असं नाही.

पैशाचं स्पष्ट बोलू. सीएसआयआर-नेटमधून फेलोशिप मिळाली तर पीएचडीच्या सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, आणि तोवर इंजिनिअर झालेल्या चुलतभावाने फ्लॅट घेतलेला असतो. हे घरातल्या सगळ्यांनी आधीच ऐकून ठेवावं, म्हणजे दिवाळीच्या फराळाला विषय निघणार नाही. पीएचडी नको असेल तर एमएस्सीनंतर चाचणी-संच बनवणाऱ्या किंवा लस कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम मिळू शकतं. डीएमएलटी हा वेगळा मार्ग आहे: तो दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नेतो, लवकर कमावतं करतो. दोन्हींची गल्लत करून नंतर चिडू नका.

गुणपत्रिकेपेक्षा मला एक गोष्ट बघायला आवडते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी अनेक संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात. मुलीला घेऊन जा आणि तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला ब्लॉटचा फोटो दाखवायला सांगा. मग मागे उभे राहून ऐका: ‘हा काळा पट्टा कशाचा?’ असं ती विचारते, की ‘शेजारचा रकाना रिकामा का ठेवलाय?’ असं.