बिंदूपासून बिंदूपर्यंत : चित्रकार सय्यद हैदर रझा

यावल-चोपड्याच्या अथवा शिरपुराच्या शेतांत उभे राहून उत्तरेकडे पाहिले म्हणजे सातपुड्याची निळी रांग दिसते, आणि लहानपणी आपणांस असे वाटते की, जग येथेच संपले. वस्तुतः ती रांग तशीच पूर्वेकडे दूरवर गेलेली आहे, आणि तिच्या पूर्वेकडील मुलखात, नर्मदेच्या काठी, मंडला नावाचे गाव आहे. त्या गावाच्या आसपासच्या रानात वाढलेला एक मुलगा पुढे पॅरिस शहरी जाऊन नावाजलेला चित्रकार झाला. त्याचे चरित्र व त्याच्या चित्रांची वेळोवेळी बदलत गेलेली पद्धती यांविषयी चार शब्द सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय निवडण्यास दोन कारणे घडली. आमच्या वर्गात भिंतीवर रझा यांच्या एका चित्राची छापील प्रत लावलेली आहे. तीत एक मोठे काळे वर्तुळ व भोवती रंगांच्या पट्ट्या, एवढेच आहे. एका विद्यार्थ्याने ती पाहून विचारले, "सर, यात काढले आहे तरी काय? असले चित्र तर माझा धाकटा भाऊही काढील!" हे झाले पहिले कारण. दुसरे असे की, पालकांच्या सभेच्या दिवशी एक गृहस्थ आपल्या मुलाची वही घेऊन आले. तिच्या समासांत गणितांऐवजी झाडे, बैल व आगगाड्या होत्या. ते खिन्नपणे म्हणाले, "सर, याचे चित्त ठिकाणावर नाही. काय करावे?" त्या वेळी दोघांसही आम्ही थोडक्यात उत्तर दिले, परंतु ते उत्तर आमचे आम्हांसच अपुरे वाटले. पुरे उत्तर रझा यांच्या चरित्रात आहे.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी त्या वेळच्या मध्य प्रांतातील बाबरिया या लहानशा गावी झाला. वडील जंगल खात्यात नोकरीस होते. त्यामुळे घराभोवती दाट अरण्य, रात्री निबिड काळोख आणि सकाळी झाडांच्या शेंड्यांवर पडणारे कोवळे ऊन, अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. काळोखाची भीती व उजेड झाल्यावर होणारा आनंद या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात जन्मभर राहिल्या.

शाळेत मात्र या मुलाचे लक्ष लागेना. गुरुजी शिकवीत असता त्याचे डोळे बाहेर भटकत. काकैया येथील शाळेचे मुख्याध्यापक नंदलाल झारिया यांनी एके दिवशी त्याला थांबवून घेतले. त्यांनी छडी उगारली नाही, की त्याच्या घरी निरोप धाडला नाही. शाळेच्या ओसरीवरील पांढऱ्या भिंतीवर त्यांनी एक ठिपका काढला, आणि इतर सर्व विसरून या ठिपक्याकडेच पाहत राहा, असे त्या मुलास सांगितले. मुलगा पाहत राहिला. हळूहळू भटकणारे मन त्या ठिपक्याशी येऊन स्थिर झाले. हा ठिपका वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण आपणांस त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

पुढे दमोह येथे शिक्षण झाल्यावर १९३९ ते १९४३ पर्यंत रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, आणि तेथून मुंबईस आले. नागपुराहून मुंबईस जाणारा लोहमार्ग आपल्या भुसावळ, जळगाव व चाळीसगाव या स्थानकांवरूनच जातो. एवढा आपला त्यांच्याशी शेजार. मुंबईत पोटासाठी त्यांनी छपाईचे ब्लॉक तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी केली आणि सर ज. जी. कलाशाळेत १९४७ पर्यंत अभ्यास केला. या काळातील त्यांची चित्रे जलरंगांची आहेत. पावसाने भिजलेले मुंबईचे रस्ते, घरांची दाटी, पुढे काश्मीरमधील देखावे, हे त्यांचे विषय. रंग पातळ व वाहते, हात चपळ. डोळ्यांस जे क्षणभर दिसले ते कागदावर उतरवावे, अशी ही पहिली पद्धती होय.

१९४७ साली मुंबईत काही तरुण चित्रकारांनी एकत्र येऊन 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' नावाचे मंडळ स्थापिले. त्यात गोव्याचे सूझा, पंढरपुरास जन्मलेले व सिनेमाच्या जाहिराती रंगवून पोट भरलेले हुसेन, घरगडी म्हणून राबलेले आरा, विदर्भातील गाडे, मूर्तिकार बाकरे आणि रझा असे सहा जण होते. धर्म निरनिराळे, घरची स्थिती बहुतेकांची बेताची. परंतु विलायती चित्रशाळांच्या जुन्या साच्यातून बाहेर पडून आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे, हा निश्चय सर्वांचा एकच होता.

याच सुमारास रझा यांच्यावर एकामागून एक आघात झाले. १९४७ साली आई व १९४८ साली वडील निवर्तले. देशाची फाळणी झाली, आणि त्यांची भावंडे पाकिस्तानात निघून गेली. रझा मात्र येथेच राहिले. ज्या भूमीच्या रानांनी व नदीने आपणांस वाढविले, ती त्यांना सोडवेना.

१९४८ साली काश्मिरात त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या विख्यात फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. त्याने रझा यांची चित्रे पाहून त्यांच्या बुद्धीची तारीफ केली, पण एक उणीवही स्पष्टपणे दाखविली. चित्रांत रंग आहे, भावना आहे. परंतु बांधणी नाही. घराला जसा पाया व तुळया, तशा चित्रालाही असाव्या लागतात. सेझान या चित्रकाराचा अभ्यास कर, असा सल्ला त्याने दिला. स्तुती ऐकून माणूस सुखावतो. दोष ऐकून जो कामाला लागतो, तोच पुढे जातो. रझा यांनी मुंबईत फ्रेंच भाषा शिकण्यास आरंभ केला, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळविली आणि १९५० साली ते बोटीने फ्रान्सला गेले.

हा सेझान कोण, हे येथे सांगितले पाहिजे. पॉल सेझान याचा जन्म १८३९ साली दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी झाला. बाप पेढीवाला, मुलाने कायदा शिकावा, अशी त्याची इच्छा. मुलाने थोडा कायदा शिकलाही. पण अखेर तो चित्रांकडेच वळला. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने त्याची चित्रे वर्षानुवर्षे परत पाठविली. त्याची आरंभीची चित्रे काळपट व रंगांचे जाड थर दिलेली असत. १८७२ च्या सुमारास पिसारो या वडील मित्राच्या संगतीत उघड्यावर बसून चित्रे काढताना त्याचे रंग उजळले. परंतु क्षणिक उजेड टिपण्यावर त्याचे समाधान होईना. डोंगर, घर, सफरचंद यांचे टिकाऊ रूप रंगांच्या लहान लहान पट्ट्या रचून, गवंडी जशी वीट रचतो तसे उभे करावे, असा त्याचा ध्यास होता. गावाजवळचा सेंट व्हिक्टोअर नावाचा एकच डोंगर त्याने तैलरंगांत तिसांहून अधिक वेळा काढला. १९०६ साली उघड्यावर काम करीत असता तो वादळात सापडला, आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. त्यानंतर युरोपातील नव्या चित्रकारांनी त्यालाच गुरुस्थानी मानले.

पॅरिसमध्ये १९५० ते १९५३ पर्यंत कलाशाळेत राहून रझा यांनी हा धडा गिरविला. आता त्यांची दुसरी पद्धती दिसू लागते. घरे चौकोनी ठोकळ्यांसारखी एकमेकांस टेकून उभी राहतात, आकाश काळे, चित्रात माणूस नाही. सर्व काही मोजूनमापून बांधलेले. थोड्या वर्षांनी त्यांनी तैलरंग हाती घेतले, आणि फ्रान्समधील खेडी, देवळांची शिखरे व झाडे जाड, तेजस्वी रंगांत अवतरली. १९५६ साली त्यांना पॅरिसच्या समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. फ्रेंच नसलेल्या चित्रकारास ते प्रथमच मिळत होते. १९५९ साली जानीन मोंजिला या फ्रेंच चित्रकर्तीशी त्यांचा विवाह झाला.

येथे थांबून त्याच प्रकारची चित्रे त्यांनी जन्मभर काढली असती, तरी मान व पैसा यांस तोटा नव्हता. तथापि ते थांबले नाहीत. १९६२ साली ते अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात शिकविण्यास गेले. तेथे त्यांनी मार्क रॉथ्को याची चित्रे पाहिली. त्यांत केवळ रंगांची विस्तीर्ण क्षेत्रे असत आणि तरीही मन हेलावे. रझा यांनी लवकर वाळणारे अ‍ॅक्रिलिक रंग घेतले, आणि तिसऱ्या पद्धतीस आरंभ झाला. घरे विरून गेली. उरला तो कुंचल्याचा मोकळा फटकारा, आणि काळ्या रात्रीतून फुटणारे तांबडे-पिवळे तेज. बाबरियाच्या रानातील तो काळोख व ते कोवळे ऊन परत येऊ लागले होते.

परंतु मनास स्वस्थता नव्हती. आपण फ्रेंच चित्रकारांसारखे उत्तम चित्र काढतो. पण यात आपला देश कोठे आहे, आपण स्वतः कोठे आहोत, हा प्रश्न त्यांना छळू लागला. १९७० नंतरच्या वर्षांत ते वारंवार हिंदुस्थानात आले. राजस्थान, गुजरात, काशी येथे फिरले; अजिंठा व वेरूळ येथील लेणी त्यांनी पाहिली. जळगावाहून दीड-दोन तासांवर असलेले हे अजिंठा आपणांपैकी बहुतेकांनी सहलीत पाहिले आहे, आणि डबा खाऊन, गोंगाट करून आपण परत आलो आहोत. पॅरिसच्या चित्रकारास मात्र आपला मार्ग शोधण्यासाठी तेथे यावे लागले!

या शोधाच्या शेवटी, सुमारे १९८० साली, त्यांच्या चित्रात तो ठिपका प्रकट झाला. गुरुजींनी ओसरीच्या भिंतीवर काढलेला तोच! आता तो मोठा, काळा व गंभीर झाला होता. त्यालाच त्यांनी 'बिंदू' म्हटले. बीजातून जसे झाड, तशी त्या बिंदूतून सर्व सृष्टी निघते, अशी त्यांची कल्पना. भोवती पंचमहाभूतांचे सूचक रंग, त्रिकोण, चौकोन व वर्तुळे यांची काटेकोर रचना. १९८१ सालच्या 'माँ' या चित्रात तर त्यांनी देवनागरीत हिंदी कवितेची एक ओळ लिहिली आहे. ही त्यांची चौथी व अखेरची पद्धती. तीत भारतीय कल्पना आहे. आणि सेझानपासून शिकलेली बांधणीही आहे. परक्याकडून घेतलेली विद्या टाकून न देता तिच्या आधारे ते आपल्या घरी परत आले.

पत्नी २००२ साली वारल्या. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून २०१० च्या अखेरीस रझा दिल्लीस परतले. भारत सरकारने त्यांना २०१३ साली पद्मविभूषण दिले. नव्वदी ओलांडल्यावरही ते चित्रे काढीत असत. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यास, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांचे दफन झाले.

आता त्या दोन प्रश्नांकडे वळू. "असले वर्तुळ माझा भाऊही काढील," असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे : बाळ, वर्तुळ तो खचित काढील, परंतु त्या वर्तुळापाशी येण्यासाठी रझा यांना पन्नास वर्षांची वाट चालावी लागली. पावसातला रस्ता हुबेहूब काढता येत असूनही त्यांनी तो सोडला, घरे बांधली, मोडली, आणि मग एक ठिपका राखला. ज्याने पुष्कळ टाकून थोडे ठेवले, त्याचे थोडे आणि ज्याच्याजवळ मुळातच थोडे आहे, त्याचे थोडे, ही दोन सारखी नव्हेत. पद्धती बदलणे म्हणजे चंचलपणाही नव्हे. चंचल माणूस कंटाळून बदलतो. साधक उणीव उमगल्यावर बदलतो.

आणि पालकांनो, आपला मुलगा समासात बैल काढतो म्हणून तो रझा होईल, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक मुले दुकानदार, शेतकरी, कारकून व शिक्षक होतील, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गणितही त्याला आलेच पाहिजे. परंतु ज्याचे चित्त समासात आहे, त्याचे चित्त कोठे तरी आहे, ही आशेची खूण समजावी. त्याला पुस्तकाकडे आणण्याचे काम वही फाडून होत नाही. त्याच्यापुढे एक ठिपका काढून, त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहून होते. हे आम्हां शिक्षकांसही लागू आहे. झारिया गुरुजींच्या हातून त्या दिवशी भिंतीवर किती मोठे काम झाले, याची त्यांना कल्पनाही नसेल.

अखेर विद्यार्थ्यांसाठी एक लहानसा अभ्यास. आपल्या अंगणातील अथवा शाळेच्या आवारातील एकच झाड निवडा. ते आज काढा, पावसाळ्यात काढा आणि उन्हाळ्यात पुन्हा काढा. तिन्ही कागद जपून ठेवा आणि पुढील वर्षी शेजारी शेजारी मांडून पाहा. झाड किती बदलले आणि आपली नजर किती बदलली, हे तुमचे तुम्हांसच दिसून येईल. ते कागद घेऊन वर्गात या; भिंतीवर अजून पुष्कळ जागा आहे.