जुना संगणक भंगारात देण्याआधी

आबांच्या घरी एक जुना संगणक आहे. दुधाचा सगळा हिशेब त्यातच. पण तो फार मंद झाला. सकाळी बटण दाबावे, गोठ्यात जाऊन धारा काढाव्यात, तेव्हा कुठे तो जागा होई. त्यात विंडोज 10 होते. त्याची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली.

"भंगारवाल्याला देऊन टाकू," आबा म्हणाले.

"थांबा जरा, आबा," नात म्हणाली. "आधी पपी लावून बघू."

"पपी? म्हंजे कुत्र्याचं पिल्लू?"

आबांनी बरोबर ओळखले. संगणकाचा कारभार पाहते तिला प्रणाली म्हणतात. विंडोज ही एक प्रणाली, लिनक्स ही दुसरी. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सची सुरुवात केली. ती फुकट मिळते. तिचे पुष्कळ प्रकार आहेत, काही जड, काही हलके. ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी 2003 साली एक अगदी हलका प्रकार काढला. तीच पपी. तिच्या चित्रावर पिल्लूच असते.

नातीने पपी एका पेनड्राइव्हवर चढवून आणली होती. असे चढवताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. म्हणून तो रिकामाच घ्यावा. मग तिने दुधाचा हिशेब दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. हे आधी करायचे, बरं का! हिशेब गेला तर गवळ्याचे काय राहिले?

नंतर संगणक बंद केला. पपीचा पेनड्राइव्ह लावला. चालू होता होताच एफ 12 ची कळ दाबली. काही संगणकांत एफ 2, काहींत एस्केप, तर काहींत डिलीट दाबावी लागते.

हार्ड डिस्क म्हणजे घरातले कोठार. रॅम म्हणजे ओसरी. पपी कोठारात शिरत नाही. ती पेनड्राइव्हवरून उठते आणि सरळ ओसरीवर येऊन बसते. ओसरीवरची वस्तू हाताशी असते, म्हणून काम झटपट होते. कोठारातले विंडोज जिथल्या तिथे राहते. मात्र 'इन्स्टॉल' हा शब्द दिसला तर घाईने दाबू नये. तिथे चूक झाली तर जुने सारे पुसले जाईल.

पपी सुरू झाली. आवाज आला. वायफाय लागले. पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन!

"बिघडला का गं?"

"नाही आबा. देवनागरी फाँट नाही यात. घालते मी."

फाँट घातला, अक्षरे उमटली. ग्नुमेरिक नावाच्या कार्यक्रमात हिशेबाचा तक्ता उघडला. आबांनी मागच्या महिन्याची बेरीज ताडून पाहिली. जुळली. इंटरनेटची पाने मात्र हळूच उघडत होती. ती पानेच जड, त्याला पपी काय करणार? आणि विंडोजसाठी केलेले कार्यक्रम लिनक्सवर जसेच्या तसे चालत नाहीत, हेही खरे.

बंद करताना पपीने विचारले, आजचे जपून ठेवू का? नातीने 'नको' केले. पेनड्राइव्ह काढून पुन्हा बटण दाबले. जुने विंडोज आले, तसेच रखडत.

"उद्या परत लाव तुझं पिल्लू," आबा म्हणाले. "महिनाभर बघू. मग ठरवू."

दुपारी भंगारवाला आला. त्याला आबांनी पत्र्याचे डबे दिले.