आयफोन की अँड्रॉइड? धंद्यासाठी फोन घेण्याआधी हे चार प्रश्न विचारा



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, धंदा सुरू करतोय, आयफोन घेऊ की अँड्रॉइड?" मी उलट विचारतो, "फोनवर काम काय काय करणार?" यावर बहुतेक जण गप्प होतात. आजचा धडा त्यावरच आहे.

आधी एक खरा किस्सा सांगतो. माझ्या बॅचमधल्या एका ताईंचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. दसऱ्याला त्यांनी हप्त्यावर आयफोन घेतला. फोटो सुंदर यायला लागले, ऑर्डरीही वाढल्या. मग दिवाळीआधी बचत गटाच्या प्रदर्शनात स्टॉल लावला, आणि बिलाचा छोटा ब्लूटूथ प्रिंटर काही केल्या फोनला जोडला जाईना. स्टॉलवर गर्दी, आणि ताई हाताने बिलं लिहितायत! कंटाळून काही गिऱ्हाईकं पुढच्या स्टॉलवर गेली. फोन चांगला होता, प्रिंटरही चांगला होता. पण दोघांची जोडी जमते का, हे कोणी तपासलंच नव्हतं.

प्रश्न १ : माझी रोजची अ‍ॅप्स तिथे आहेत का?

आज व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, यूपीआयची अ‍ॅप्स, हिशेबाची नावाजलेली अ‍ॅप्स दोन्हीकडे मिळतात. पण नेहमीच असं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अँड्रॉइडवर जानेवारी २०१८ मध्ये आलं, आयफोनवर २०१९ मध्ये. विंडोज फोन आठवतोय? ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालणं बंद झालं. हातातला फोन धडधाकट, पण धंद्याच्या दृष्टीने निकामी. म्हणजे काय, तर फोन अ‍ॅपमुळे कामाचा ठरतो.

म्हणून फक्त "अ‍ॅप आहे का" एवढंच बघू नका. तुम्हाला लागणारी सोय त्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आहे का, ते बघा. एकाच अ‍ॅपमध्ये एखादी सोय एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते किंवा उशिरा येते.

प्रश्न २ : माझी बाकीची साधनं जोडली जातील का?

ताईंचं नेमकं इथेच अडलं. बाजारात मिळणारे बरेच स्वस्त थर्मल प्रिंटर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात. अँड्रॉइडला ते सहज जोडले जातात. आयफोनला मात्र त्या पद्धतीसाठी अ‍ॅपलची मान्यता असलेलं उपकरण लागतं, नाहीतर नव्या, कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर चालणारं. शिवाय तुमच्या बिलाच्या अ‍ॅपनेही तो प्रिंटर स्वीकारायला हवा. बारकोड स्कॅनर घेतानाही हीच खात्री करा. दुकानदाराला सरळ सांगा, "माझ्या फोनवरून, माझ्या अ‍ॅपमधून एक बिल काढून दाखवा." बिल निघालं तरच पैसे द्या.

प्रश्न ३ : फोन बदलताना माझा धंदा थांबेल का?

बघा, किमतीच्या पाटीवर न लिहिलेला खर्च तो हाच. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, आयफोनवर आयक्लाउडवर. एकाचा बॅकअप दुसऱ्यावर उघडत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट नेण्याची अधिकृत सोय २०२२ पासून आहे, पण तिच्या पायऱ्या आधी वाचा आणि शांतपणे करा. सगळ्या चॅट नव्या फोनवर दिसेपर्यंत जुना फोन पुसू नका आणि विकूही नका. जुन्या ऑर्डरी, पत्ते, उधारीचा शब्द, सगळं त्यातच असतं.

यूपीआयचंही तसंच. ते सिमकार्ड आणि फोन दोघांना बांधलेलं असतं, त्यामुळे नव्या फोनवर नोंदणी पुन्हा करावी लागते. सुरुवातीला बँका पैसे पाठवण्यावर कमी मर्यादा ठेवतात. पुरवठादाराला मोठी रक्कम द्यायची त्याच दिवशी फोन बदललात तर अडचण होईल. थोडक्यात, सणाच्या सीझनमध्ये फोन बदलू नका.

प्रश्न ४ : हा फोन किती वर्षं चालेल, आणि सुरक्षित राहील का?

"सेकंड हँड आयफोन स्वस्तात मिळतोय" म्हणून उडी मारू नका. आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जात नाही, त्यामुळे आज त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. स्वस्त अँड्रॉइडमध्येही काहींना सुरक्षेचे अपडेट फार कमी काळ मिळतात. म्हणून खरेदीआधी विचारा : अपडेट किती वर्षं?

अँड्रॉइडवाल्यांनी आणखी एक जपायचं. वाहतूक चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते. ती कधीही उघडून इन्स्टॉल करायची नाही. त्यातून खाती रिकामी झालेली आहेत. अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तिथेही बनवणाऱ्याचं नाव बघून.

आता जरा हिशेब करू

समजा, एक फोन १५ हजारांचा आणि दुसरा ७५ हजारांचा. फरक ६० हजार. तुम्हाला मसाल्याच्या एका पाकिटामागे २० रुपये सुटतात. म्हणजे हा फरक भरून काढायला ३,००० पाकिटं जास्त विकावी लागतील. चांगल्या फोटो-व्हिडिओमुळे तेवढी विक्री खरंच वाढणार असेल, जसं मेकअप, केक, दागिने, तर घ्या, तो खर्च नाही, गुंतवणूक आहे. पण "गिऱ्हाईकावर छाप पडते" एवढ्यासाठी खेळतं भांडवल फोनमध्ये अडकवू नका. गिऱ्हाईक तुमचा माल बघतं, वेळेवर पोचलेली ऑर्डर बघतं.

ताईंनी पुढे काय केलं? आयफोन फोटोंसाठी ठेवला आणि मुलाचा जुना अँड्रॉइड फोन बिलासाठी स्टॉलवर नेला. नवा खर्च शून्य!

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत चार रकाने आखा : काम, त्यासाठी अ‍ॅप, लागणारं साधन, माझ्या फोनवर चालतं का. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंतची सगळी कामं लिहा. शेवटच्या रकान्यात सगळीकडे "हो" आलं, तर नवा फोन नकोच! "नाही" आलं, तर फक्त तेवढ्यासाठी पैसे काढा.

भेटू पुढच्या व्हिडिओमध्ये. तोपर्यंत वही भरून ठेवा!