काचेवरील दहिवर आणि सकाळची पाच मिनिटे

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात प्रस्तुत लेखक दौऱ्यानिमित्त सातपुड्यातील एका विश्रामगृहात मुक्कामास होता. सकाळी सात वाजता निघावयाचे ठरले होते. अंगणात उभ्या असलेल्या जीपच्या पुढच्या काचेवर दहिवराचा पांढरा थर बसला होता. चालकाने काच नीट पुसून घेण्यासाठी थोडा अवधी मागितला. परंतु सभेस उशीर होईल म्हणून लेखकानेच घाई केली. शेवटी चालकाने ताटलीएवढी जागा घासून मोकळी केली व गाडी रस्त्यावर आणली. पहिल्या वळणावर उगवता सूर्य समोर येताच काचेवरील उरलेला थर एकदम उजळला आणि पुढचे काहीच दिसेनासे झाले. चालकाने प्रसंगावधान राखून गाडी थांबविली. खाली उतरून पाहिले तो दप्तरे घेतलेली दोन शाळकरी मुले गाडीपासून चार हातांवर उभी होती.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. त्या एका सेकंदाचे मोल किती, हे त्या सकाळी उमगले. म्हणून या विषयाची थोडी माहिती वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

दहिवर कसे जमते?

दहिवर आकाशातून पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ते जागच्या जागी तयार होते. दिवसा तापलेली प्रत्येक वस्तू रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. आकाशात ढग असल्यास ते या उष्णतेचा बराच भाग परत खाली पाठवितात. म्हणून ढगाळ रात्री थंडी कमी वाटते. आकाश निरभ्र व वारा पडलेला असला म्हणजे उघड्यावरील वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक गार होतात. अशा वस्तूचे तापमान शून्य अंशाच्या खाली गेले की हवेतील बाष्प पाण्याचे रूप न घेता थेट हिमकणांच्या रूपाने तिच्यावर जमते. काही वेळा आधी दव पडते व मागाहून ते गोठते.

येथे एक शंका उपस्थित होते. हवामानाच्या नोंदीत पारा तीन-चार अंशांवर असताना बर्फ कसा जमतो? याचे कारण असे की, वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, आडोशाच्या पेटीत ठेवलेला असतो. उघड्यावरील गवत अथवा काच त्याहून कित्येक अंशांनी गार असू शकते. शिवाय थंड हवा जड असल्याने ती सखल जागी साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात गाड्यांच्या टपांवर हिमकण आढळतात, तेव्हा गावातील नोंद पुष्कळदा बरीच वर असते. पचमढीच्या पठारावरही कडाक्याच्या थंडीत असेच दृश्य दिसते.

गाडीची पुढची काच तिरपी, म्हणजे आकाशाकडे तोंड करून असते. म्हणून तिच्यावर दाट थर येतो व बाजूच्या उभ्या काचा पुष्कळदा मोकळ्या राहतात.

शेतकऱ्यांस हा प्रकार नवा नाही. हरभरा, बटाटा, टोमॅटो यांची पाने ज्या रात्री करपतात, तीच ही रात्र. ग्वाल्हेर व माळव्याकडे यालाच 'पाला पडला' असे म्हणतात. रोपवाटिकेवर गवताचे आच्छादन घालण्याची जी पद्धत आहे, तिच्यातच काचेवरील उपायाचे मर्म आहे. वस्तू आणि आकाश यांच्यामध्ये आडपडदा आला की दहिवर टळते.

रात्रीच करावयाची तजवीज

संध्याकाळी आकाश स्वच्छ व हवा स्तब्ध असेल, तर पुढच्या काचेवर कोरडे गोणपाट, जुनी सतरंजी किंवा जाड पुठ्ठा पसरावा व त्याच्या कडा दारांत अडकवाव्यात. कापड ओले असू नये. अन्यथा तेच काचेला चिकटून गोठते. गाडी शक्य तर छपराखाली, झाडाखाली किंवा भिंतीलगत उभी करावी. तोंड पूर्वेकडे ठेवल्यास सकाळचे ऊन प्रथम काचेवर येते. वायपरचे दांडे उचलून ठेवावेत, म्हणजे रबर काचेला चिकटत नाही.

सकाळी काय करावे?

प्रथम इंजिन सुरू करून गरम हवेचा झोत काचेकडे वळवावा. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन कदापि चालू ठेवू नये; धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो व तो प्राणघातक आहे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापविण्यास एक कॅलरी उष्णता लागते, तर एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी लागतात. म्हणून पातळ थरासही वेळ हा द्यावाच लागतो. दरम्यान प्लॅस्टिकच्या पट्टीने थर वरून खाली खरवडावा. औषधांच्या दुकानात मिळणारे स्पिरिट दोन भाग व पाणी एक भाग असे मिश्रण शिंपडल्यास थर लवकर सुटतो. ते ज्वालाग्राही असल्याने जवळ विडी-काडी पेटवू नये. आपल्याकडील पातळ थरास तांब्याभर साधे गार पाणीही पुरते. मात्र ते लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

काचेच्या आतील बाजूस श्वासाच्या बाष्पाने धूसरपणा येतो. त्यासाठी खिडकी थोडी उघडी ठेवावी व बाहेरची हवा आत घ्यावी.

काय टाळावे?

उकळते पाणी ओतू नये. काचेचा वरचा पृष्ठभाग एकदम प्रसरण पावतो, आतला थंडच राहतो आणि या ताणाने काच तडकते. खडा लागून पूर्वीचा टवका उडालेला असल्यास हा धोका अधिक. विळा, सुरी, उलथने यांनी खरवडू नये. पडलेले ओरखडे पुढे प्रत्येक सकाळी उन्हात चमकतात. मीठ चोळू नये. त्याने पत्रा गंजतो. गोठलेले वायपर चालवू नयेत. रबर फाटते किंवा मोटर जळते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा, अशी अट आहे. काचेच्या रंगाविषयी कायदा इतका दक्ष असताना, दहिवराने आंधळी झालेली काच घेऊन रस्त्यावर येणे कितपत उचित आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

शाळांसाठी एक प्रयोग

शिक्षकांनी थंडीच्या निरभ्र रात्री दोन सारख्या थाळ्या मैदानात पालथ्या ठेवाव्यात. एकीवर हातभर उंचीवर कापड ताणून बांधावे. सकाळी उघड्या थाळीवर दव किंवा दहिवर दिसेल, दुसरी बव्हंशी कोरडी राहील. हा धडा विद्यार्थी सहसा विसरत नाहीत.

ग्रामस्थ, शिक्षक व विशेषतः दौऱ्यावरील अधिकारी यांना एवढीच विनंती की, चालकाने काच पुसण्यास वेळ मागितला तर तो अवश्य द्यावा, आणि फडके घेऊन स्वतःही त्याच्या मदतीस जावे. सभा पाच मिनिटे उशिरा सुरू झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. सकाळच्या त्याच वेळी, त्याच रस्त्याने मुले शाळेला निघालेली असतात.