पहिली लस कोणाला?

सन २०२० च्या प्रारंभी कोरोनाची साथ जगभर पसरली. शाळा, बाजार, आगगाड्या सारे बंद पडले. वर्ष संपता संपता या रोगावर लसी निघाल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये भारतात दोन लसींना परवानगी मिळाली. कोव्हिशील्ड पुण्यास तयार होत होती, तर कोव्हॅक्सिन हैदराबादेस. परंतु देशाची लोकसंख्या सव्वाशे कोटींहून अधिक, प्रत्येकास दोन मात्रा द्यावयाच्या, आणि आरंभी हाती आलेल्या कुप्या त्या मानाने अगदीच थोड्या. कोणाला तरी थांबावे लागणार होते, आणि थांबणाऱ्याच्या जिवाला धोका होता.

मग पहिली लस कोणाला द्यावयाची? जो आधी येईल त्याला, असे कोणी म्हणेल. रेशनच्या दुकानात आणि एस. टी. च्या थांब्यावर हाच न्याय चालतो. पण पहाटेपासून रांगेत कोण उभा राहू शकतो? ज्याच्या पायांत बळ आहे, ज्याचा रोज बुडत नाही आणि ज्याचे घर दवाखान्याजवळ आहे, तो. अंथरुणाला खिळलेली आजी आणि रोजंदारीवरचा मजूर यांची पाळी शेवटीच यावयाची. चिठ्ठ्या टाकल्या तर पक्षपात होणार नाही, हे खरे. पण चिठ्ठीला डोळे नसतात. धट्टाकट्टा तरुण आणि दुखण्याने जर्जर झालेला म्हातारा तिला सारखेच.

संकटात मुलांना आधी वाचवावे, ही माणसाची जुनी रीत. या साथीत मात्र ती लागू पडली नाही. मुले या रोगातून बहुधा लवकर बरी होत. दगावत ती मुख्यतः वृद्ध माणसे. शिवाय नव्या लसीची पारख आधी मोठ्या माणसांवरच झाली होती. म्हणून १२ ते १४ वर्षांच्या मुलांची पाळी आली ती थेट १६ मार्च २०२२ रोजी.

भारतात लसीकरणास आरंभ झाला १६ जानेवारी २०२१ रोजी. त्या दिवशी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पहिली लस एका सफाई कामगाराला टोचण्यात आली. अनेकांना याचे नवल वाटले. वास्तविक नवल वाटण्याचे कारण नव्हते. रुग्णाच्या खोलीतील केरकचरा जो उचलतो, तो रोगाच्या जितका जवळ जातो तितके मोठमोठे अधिकारीही जात नाहीत. शिवाय एक परिचारिका आजारी पडली, की तिच्या हाताखालचे कितीतरी रुग्ण उघडे पडतात. तिला टोचलेली लस तिच्यापुरती राहत नाही. म्हणून आरोग्यसेवकांचा मान पहिला. फेब्रुवारीत पोलीस आणि नगरपालिकांचे कर्मचारी आले, आणि १ मार्चपासून साठीच्या पुढचे वृद्ध व ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्त.

येथे एक शंका निघते. घराबाहेर पडतात तरुण. रोग घरी आणतात तेच. मग त्यांनाच आधी लस का देऊ नये? इंडोनेशियाने आरोग्यसेवकांनंतर कामकरी वयाच्या लोकांकडे आधी लक्ष दिले. तेथे वापरात असलेल्या लसीची वृद्धांवर पुरेशी पारख तेव्हा झालेली नव्हती, हेही त्याचे एक कारण होते. ब्रिटनने मात्र ८ डिसेंबर २०२० रोजी पहिली लस नव्वद वर्षांच्या वृद्धेला दिली आणि वयाच्या उतरत्या क्रमाने पुढे मजल मारली. लस घेणाऱ्याचे दुखणे विकोपास जात नाही, एवढे त्या वेळी कळले होते. परंतु तिने रोगाचा प्रसार कितपत थांबतो, हे अजून नीट उमगले नव्हते. जे ठाऊक होते त्यावर विसंबून वृद्धांना आधी वाचविणे, हेच अधिक शहाणपणाचे होते.

तरीही कोडे सुटले नाही. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि तुटवडा अधिकच जाणवू लागला. महाराष्ट्रात ४५ वर्षांवरील अनेकांनी कोव्हॅक्सिनची पहिली मात्रा घेतली होती. दुसरीची मुदत भरत आली, पण लस मिळेना. तेव्हा राज्य सरकारने तरुणांचे लसीकरण काही काळ थांबविले आणि त्यांच्यासाठी आणलेली लस या लोकांकडे वळविली. नाव नोंदवून बसलेले तरुण हिरमुसले. त्यांची तक्रारही खोटी नव्हती.

आणखी एक अडचण होती. लस घ्यावयाची तर ओळखपत्र दाखवावे लागे, आणि तरुणांना आरंभी संगणकावर किंवा मोबाईलवर आगाऊ नोंदणी करावी लागे. ज्यांच्यापाशी यातले काहीच नाही, त्या भटक्यांनी, भिक्षेकऱ्यांनी आणि वृद्धाश्रमांतील निराधारांनी काय करावे? कागदावर त्यांचा क्रम लागत होता. प्रत्यक्षात ते रांगेतच नव्हते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशांना ओळखपत्रावाचून लस देण्याच्या सूचना काढल्या. त्या आधीच निघावयास हव्या होत्या.

कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत, आणि उघडलेली कुपी चार तासांच्या आत संपवावी, असा नियम होता. समजा, सायंकाळ झाली आहे, यादीतील सातच माणसे आली आहेत आणि कुपीत तीन मात्रा उरल्या आहेत. यादीबाहेरच्या माणसाला लस द्यावी तर क्रम मोडतो. न द्यावी तर ती फेकून द्यावी लागते. अशा वेळी परिचारिकेने दारातल्या रिक्षावाल्याला हाक मारली, तर तिने कोणाचा हक्क हिरावून घेतला?